मऊ फुलके

"काका, श्वास सोडा. श्वास धरून वजन कमी होत नसतं," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

मी श्वास सोडला. काट्यावरचा आकडा जागचा हलला नाही. चपला काढून झाल्या होत्या. घड्याळ, खिशातलं पेन, वाचनालयाच्या किल्ल्या, सगळं त्यांच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं. अंगावरून उतरवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"सत्त्याण्णव आठशे. मागच्या वेळी सातशे होते. काका, तुम्ही वाढलात."

"शंभरच ग्रॅम," मी म्हणालो.

"उतरायचं सोडून चढलात, आणि वर शंभरच म्हणता." त्या रागावलेल्या नव्हत्या. तिशीही न गाठलेली ती मुलगी रागावली की हसायचीच. त्या दिवशी मात्र हसली नाही. "खरं सांगा, बाहेर काही खाता?"

"नाही हो."

"चहात साखर?"

"नाही."

"वाचनालयात कुणी पेढे वाटतं?"

"वाटतात. मी घेऊन टेबलाच्या खणात ठेवतो. मग मुंग्या होतात."

समोरच्या बाकावर आक्का बसली होती. तिचं डायलिसिस नुकतंच संपलं होतं. डायलिसिस झालं की तिचा चेहरा पिळून दोरीवर टाकलेल्या कापडासारखा दिसायचा. गळ्याशी नळी बसवलेली होती आणि त्यावरची पांढरी पट्टी तिनं पदरानं झाकली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी काट्यावरून उतरलो, चपला घातल्या, आणि आम्ही दोघं बाहेर पडलो.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. त्या दिवसांतले आकडे तेवढे माझ्या डोक्यात पक्के राहिले आहेत, बाकीच्या आठवणींवर माझा फारसा भरवसा नाही. तरी जमेल तसं सांगतो.

आक्का माझी थोरली बहीण. ती त्रेपन्न वर्षांची आणि मी एकोणपन्नास. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. भावोजी आधीच वारलेले. सांगलीत ती एकटी राहायची आणि डायलिसिसला मिरजेच्या हॉस्पिटलात यायची. हातावर दोनदा शस्त्रक्रिया करून सुई टोचण्यासाठी केलेली जागा दोन्ही वेळा बंद पडली, म्हणून गळ्यात नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले होते, "ही नळी म्हणजे उघडं दार आहे. आत कधी काय शिरेल सांगता येत नाही. लवकरात लवकर किडनी बसवली पाहिजे."

तिची मुलगी सुनेत्रा इचलकरंजीला असते. तिचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. पुढच्या तपासण्याही जुळत गेल्या, आणि दर वेळी घरातल्यांचे चेहरे उजळत गेले. अडलं फक्त वजनावर. डॉक्टर म्हणाले, "अठ्ठ्याऐंशीच्या खाली या, मग टेबलावर घेतो. एवढ्या वजनाच्या माणसाला भूल देऊन मी त्याचा जीव धोक्यात घालणार नाही. तुमची तयारी आहे ना?"

मी मान हलवली. खोलीतल्या सगळ्यांनी ती मान 'हो' अशी धरली.

मग चैत्रात हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मुल्ला मॅडमनी माझा आहार ठरवून दिला.

"दिवसभर काय करता?"

"तासगावला वाचनालयात असतो. ग्रंथपाल आहे."

"म्हणजे बसता. आणि घरी?"

"वाचतो."

"म्हणजे पुन्हा बसता." त्यांनी कागदावर गणित मांडलं. "तुमच्यासारख्या बसणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण एकवीसशे कॅलरी लागतात. आपण पंधराशेच द्यायच्या. उरलेल्या सहाशे शरीर आपल्या चरबीतून काढेल. न काढून जाईल कुठं? आठवड्याला अर्धा किलो उतराल. दिवाळी ते संक्रांतीच्या मध्ये ऑपरेशन."

मी मान हलवली.

"पण नुसती उपासमार नको. प्रथिनं पंचाहत्तर ग्रॅम पोटात गेलीच पाहिजेत. डाळ, ताक, अंड्याचा पांढरा भाग, पनीर. ती कमी पडली तर चरबीच्या आधी स्नायू जातील, आणि ऑपरेशननंतर उठून बसायला तुम्हाला स्नायू लागणार आहेत. स्निग्ध पदार्थ दिवसाला चाळीस ग्रॅम, तेही सगळं धरून. बाकी भाकरी, फुलके, भात, फळं. एक ग्रॅम तेलतूप म्हणजे नऊ कॅलरी, आणि प्रथिनांच्या किंवा पिष्टाच्या ग्रॅमला चार. वजन उतरलं नाही तर चोर शोधायला कुठं जायचं हे लक्षात ठेवा."

मी एकटा माणूस. लग्न केलं नाही, तासगावात खोली घेऊन राहायचो आणि खानावळीत जेवायचो. खानावळवाला पंचाहत्तर ग्रॅम प्रथिनं मोजून देणार नव्हता. तेव्हा आक्काच म्हणाली, "माझ्याकडं येऊन राहा. मी करते तुझं. मलाही हात हलवायला काहीतरी पाहिजे."

मी सांगलीला तिच्याकडे राहायला गेलो आणि एक छोटा स्वयंपाकघरातला काटा विकत घेतला. वाचनालयातलं आहारशास्त्राचं जाडजूड पुस्तक घरी आणून कोष्टकांसकट वाचून काढलं. फ्रिजच्या दारावर दोन तक्ते लागले. आक्काच्या तक्त्यात पाणी मापात, मीठ बंद आणि भाज्या दोनदा उकळून. माझ्यात कॅलरी आणि ग्रॅम. घरात माणसं दोन, आणि दोघांच्याही ताटांना कायदे. सकाळी मी दिवसाचं तेल वाटीत मोजून तिच्या हाती द्यायचो. ती माझ्यासमोर ज्योतीवर कोरडे फुलके फुगवायची. मी एकेक फुलका काट्यावर ठेवून वजन लिहायचो, मग वरण, मग भात. ती हसून म्हणायची, "सोनाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय रे."

फुलके मात्र फार सुरेख व्हायचे. दुपारी वाचनालयात डबा उघडला तरी सकाळच्याइतकेच मऊ असायचे.

आणि वजन उतरत नव्हतं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला भीती वाटत होती. मॅडमच्या खोलीकडे जाताना ऑपरेशन थिएटरचं दार लागायचं. हिरवट रंगाचं, वर लाल दिवा असलेलं. मी तिथून खाली फरशीकडे बघत जायचो. तरी स्पिरिटचा वास यायचाच, आणि तो वास आला की मी सात वर्षांचा व्हायचो.

आम्ही तीन भावंडं होतो. वसंतादादा सगळ्यात मोठा. तो पंधरा वर्षांचा असताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स, साधं ऑपरेशन, घाबरायचं काही कारण नाही, असं सांगितलं गेलं. संध्याकाळी त्याला मऊ भात द्या असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आईनं भात करून वर तूप घालून डबा भरला. आक्का आणि मी तो डबा घेऊन दाराबाहेर उभे होतो. दिलेल्या भुलीतून वसंतादादा उठलाच नाही. डबा तसाच बंद घरी आला. तो उघडायचं कुणाच्या हातून होईना. शेवटी वडिलांनी, बापूंनी, तो भात डब्यासकट ओढ्यात टाकला. त्यानंतर आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी काढली नाही.

वजन का उतरत नाही याचा विचार करून करून मी स्वतःवरच संशय घ्यायला लागलो. झोपेत उठून मी खात तर नसेन? पाहुण्यांसाठी आणून ठेवलेला बिस्किटांचा पुडा मी वाचनालयातल्या स्टेपलरनं बंद केला. पिना जशाच्या तशा राहिल्या. मग वाटायला लागलं की आपलं शरीरच भितंय. त्याला कळलंय आपल्याला कुठं न्यायचंय, आणि ते अडून बसलंय. हे शास्त्रात बसत नाही हे पुस्तक वाचूनही मला पटत नव्हतं.

आक्काच्या डायलिसिसच्या दिवशी सुनेत्रा यायची. एकदा ती फळीवरची बरणी हलवून म्हणाली, "आई, याही खेपेला तूप नाही? आधी माझ्यासाठी दर महिन्याला बरणीभर कढवायचीस."

"दूध पातळ येतंय हल्ली. साय धरतच नाही," आक्का म्हणाली.

"पातळ? मग मामाचे गाल कशानं चमकतात?"

"तो पुस्तकं वाचतो, त्याचं तेज आहे."

आम्ही तिघंही हसलो. मी तर सुनेत्राला माझे चाळीस ग्रॅम समजावून सांगत बसलो.

भाद्रपदात आक्काला डायलिसिस चालू असतानाच हुडहुडी भरली. खाटेसकट हलत होती. दात एकमेकांवर आपटत होते. नर्सनं तीन ब्लँकेटं टाकली तरी थांबेना. मी तिचा हात धरून उभा होतो आणि माझाही हात हलत होता. कुणाचा कुणाला हलवतोय ते कळत नव्हतं. उघड्या दारातून काहीतरी आत शिरलं होतं. तिला भरती केलं, नळी काढून दुसऱ्या बाजूला नवी घातली.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी औषधाला दाद देतायत. नेहमी देतील असं नाही. तुमचं वजन कुठं आलं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी तो केसपेपरवर लिहिला आणि पुढच्या खाटेकडे गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत सुनेत्रा सांगलीला राहिली. सकाळी डबा करून दवाखान्यात यायची, आम्ही आळीपाळीनं थांबायचो. तक्ता तोच, काटा तोच, मोजून दिलेलं तेलही तेच. फुलके मात्र वाळलेल्या पापडासारखे.

"मामा, तोंड वाकडं करू नका. पाण्यात मळलेल्या कणकेचे फुलके दुपारी असेच होतात," ती म्हणाली.

"आक्काचे मऊ राहतात."

"आईचा हात वेगळा," सुनेत्रा म्हणाली, आणि ते मलाही पटलं.

आक्काला घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी मुल्ला मॅडमकडे गेलो. जायचं म्हणून गेलो. काट्यावर चढलो आणि सवयीनं डोळे मिटले.

"काका."

मी डोळे उघडले.

"शहाण्णव तीनशे. दीड किलो." त्यांनी मला खाली उतरवून पुन्हा चढवलं. आकडा तोच. "काय वेगळं केलंत?"

"काही नाही. धावपळ झाली. जेवण तेच, फक्त भाची करत होती."

"आणि आधी कोण करायचं?"

"आक्का."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघितलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "छान. असंच चालू ठेवा." दाराशी आल्यावर पुन्हा म्हणाल्या, "काका, घरी रागावू नका हं कुणावर."

जिन्याच्या अर्ध्यावर मला ते कळलं. साय न धरणारं दूध, रिकामी बरणी, पाण्यात मळलेली कणीक. मी पायरीवर बसलो. माणसं बाजूनं चढत-उतरत होती. मला राग आला नव्हता. तेव्हा काय वाटलं ते सांगायला मला आजही जड जातं. आता वजन उतरणार, एवढंच मनात आलं. त्या हिरवट दारात आणि माझ्यात आता काहीच उरलं नव्हतं. मी एवढा वेळ बसून राहिलो की एका बाईनं पाणी हवंय का म्हणून विचारलं.

आक्का घरी आली. दोन दिवस पडून राहिली, तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून येतो तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, मांडीवर परात घेऊन ती कणीक मळत होती. सुनेत्रा औषधं आणायला गेली होती.

"आण, मी मळतो," मी म्हणालो.

"तुला कुठं येतं?"

"येत नाही. म्हणूनच."

"जा रे, वाचत बस. हे तुझं काम नाही."

मी परात ओढून घेतली आणि गोळ्यात हात घातला. कणीक मी जन्मात मळली नव्हती, पण सुनेत्राला मळताना रोज बघत होतो. तिची बोटं पेरापेरापर्यंत पिठानं बरबटायची, चमच्यानं खरवडून काढावी लागायची. माझा हात स्वच्छ बाहेर आला. बोटं चमकत होती.

"आक्का, हाताला चिकटत नाहीये."

"चांगली मळली की नाही चिकटत."

"तू तर आत्ताशी बसलीस."

तिनं परातीच्या काठाला लागलेलं पीठ नखानं काढलं. बराच वेळ काढत राहिली.

"साय आहे," ती म्हणाली. "आणि तूप."

मी बोटं एकमेकांवर चोळून बघितली.

"वरणातही घालते. गरम असताना घोटलं की वर दिसत नाही. भात शिजताना घालते. ताकाच्या दह्यावरची साय काढत नाही. एवढंच."

"एवढंच?"

"भाजीत दाण्याचं कूट. थोडं."

माझ्या डोक्यात आपोआप बेरीज सुरू झाली. मॅडमनी सहाशे काढून घेतल्या होत्या, आणि आक्कानं अंदाजानं, हातानं, त्या सहाशे परत घातल्या होत्या. काट्यावर वजन कळतं, आत काय आहे ते कळत नाही.

"का?" मी विचारलं.

"काट्यावरून उतरताना तू तुझं तोंड बघितलंयस कधी?"

"आपलं तोंड आपल्याला कसं दिसणार?"

"मला दिसतं. मी समोरच बाकावर असते. आकडा तिथंच राहिला की तू असा श्वास सोडतोस." तिनं खांदे खाली सोडून दाखवले. मला ते बघवेना. "पहिल्या आठवड्यात अर्धा किलो उतरला होतास, आठवतंय? त्या दिवशी तू जेवला नाहीस. पोट बिघडलंय म्हणालास. दोन दिवस ताक पिऊन राहिलास. मी कणकेत तूप घातलं ते त्यानंतर."

"आक्का, मी डॉक्टरांना हो म्हटलंय."

"तू मान हलवलीस. तू जन्मभर मान हलवत आलायस. बापूंनी विचारलं, सायन्सला जातोस का, मान हलवलीस. मग दोनदा नापास झालास आणि माळ्यावर जाऊन लपलास. तुला कुणी मागितलं की देतोस, आणि मग रात्रंदिवस कुढतोस. तुला नाही म्हणता येत नाही, अंतू. म्हटलं, तुझ्या वतीनं आपणच म्हणावं. कुणाला कळायचं कारण नाही. काटाच नाही म्हणेल."

"आणि तुझं काय?"

"माझं चाललंय."

"चाललंय? त्या दिवशी खाटेसकट उडत होतीस."

तिचा हात नव्या पट्टीकडे गेला. "ते माझं आहे. ते मी सोसते. पण ते दार..." ती थांबली. मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. "वसंतादादाच्या वेळी डबा माझ्या हातात होता. दार उघडलं तशी मी पुढं झाले आणि त्या बाहेर आलेल्या माणसापुढं डबा धरला. वाटलं, भात मागायला आलाय. त्यानं डब्याकडे बघितलं आणि घेतला नाही. मला दोन भाऊ होते, अंतू. एक राहिलाय. मला पुन्हा त्या दाराशी उभं राहायचं नाही."

बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला घासत गेली. मी चमकणाऱ्या बोटांकडे बघत होतो.

"या वेळी तू दाराशी नसशील," मी म्हणालो. "आतच असशील. पलीकडच्या खोलीत."

तिनं मान वर केली. एवढी हुशार बाई, पण ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिच्या मनात ती बाहेरच उभी होती, अकरा वर्षांची.

"मग डबा कोण धरणार?" ती म्हणाली.

"सुनेत्रा."

तिला हसू आलं. मग पदर तोंडाला गेला. तो खाली घेऊन म्हणाली, "अजूनही 'नाही' म्हण. आत्ता म्हण, माझ्यासमोर. मी डॉक्टरांना सांगते, मलाच नको म्हणून. तुझ्या अंगावर काही येणार नाही."

"मला भीती वाटते, आक्का."

"माहीत आहे."

"फार वाटते. त्या दारावरून जाताना वर बघवत नाही."

"माहीत आहे रे."

मी तोंड उघडलं. तो शब्द खरोखरच माझ्या जिभेवर होता. एवढ्या वर्षांत मला कुणी तो शब्द असा हातावर ठेवून दिला नव्हता, घे म्हणून. मी म्हणालो असतो तर तिनं तिथल्या तिथं तो विषय मिटवला असता, आणि संध्याकाळी मला मऊ फुलके वाढले असते. मी तिच्या गळ्याकडे बघितलं. मग ती परात बाजूला ठेवली, मांडणीवरून दुसरी घेतली. डब्यातून पीठ काढून काट्यावर मोजलं. तांब्यातलं पाणी ओतलं आणि हात घातला. सगळा लगदा मनगटापर्यंत चिकटला.

आक्का बघत राहिली. मी मळत होतो, म्हणजे चिखल कालवत होतो. माझ्या कपाळावरचा घाम परातीत पडेल अशी मला काळजी वाटत होती.

"पाणी जास्त झालं," अखेर ती म्हणाली. "पीठ घाल वरून. एकदम नको, चिमटीनं."

मी घातलं.

"मोजून घाल," ती म्हणाली. "मॅडम विचारतील."

तुपाच्या कणकेच्या पोळ्या सुनेत्रानं खाल्ल्या. आईच्या हाताला असं काय आहे कोण जाणे, म्हणाली.

त्यानंतर माझा स्वयंपाक मी करायला लागलो. आक्का स्टुलावर बसून काट्यावरचे आकडे वाचायची. वजन उतरू लागलं, आठवड्याला अर्धा किलो, मॅडम म्हणाल्या होत्या तसं. दर अर्ध्या किलोला आम्ही दोघंही गप्प व्हायचो. मॅडम म्हणायच्या, "काय माणसं आहात, वजन उतरलं तरी तोंडं उतरलेलीच." अठ्ठ्याऐंशीच्या खाली आलो त्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तुमची तयारी आहे ना. मी मान हलवली. आक्का माझ्याकडे बघत होती. मग मी म्हणालो, "हो." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरलं. दोन्ही चाकांच्या खाटा बोळात शेजारी शेजारी लावल्या होत्या. तो लाल दिवा मला आडवं पडून खालून दिसला. माझे दात वाजत होते. थंडी आहे, असं मी वॉर्डबॉयला सांगितलं. आक्कानं आपल्या खाटेवरून मान वळवली.

"सुने," ती म्हणाली, "डबा कुठाय?"

सुनेत्रानं पिशवी वर करून दाखवली.

"उघडायचा तो," आक्का म्हणाली. "काही झालं तरी उघडायचा."

मग आधी माझी खाट ढकलली गेली. तोंडावर मास्क आला आणि कुणीतरी म्हणालं, दीर्घ श्वास घ्या. घेताना मनात आलं, मुल्ला मॅडम सोडा म्हणतात आणि हे घ्या म्हणतात. त्यापुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा बरगडीखाली कुणीतरी विळा रोवून ठेवल्यासारखं दुखत होतं. त्या दुखण्याचा मला एवढा आनंद झाला की नर्सला वाटलं मी बरळतोय.

पहिले दोन दिवस पातळ पेजपाणीच दिलं. आक्काला वेगळ्या काचेच्या खोलीत ठेवलं होतं, तिथं कुणाला जाऊ देत नव्हते. नवी किडनी काम करतेय, लघवी होतेय, एवढं सुनेत्रा येऊन सांगायची. "आई फार बोलत नाही," ती म्हणाली. "झोपतही नाही. काचेपाशी गेलं की खुणेनं एकच विचारते, डबा उघडला का."

तिसऱ्या दिवशी दुपारी मला खायची परवानगी मिळाली. सुनेत्रानं तोच पितळी डबा ताजा भरून माझ्यापुढं ठेवला. "आईनं ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलंय कसा करायचा. मऊ भात. दोनदा पाणी घालून."

त्याच वेळी मुल्ला मॅडम कागद घेऊन दारात आल्या. मी डब्याच्या झाकणावर हात ठेवून तसाच बसलो.

"उघडा की, काका. मला बघून लपवताय?"

"लपवत नाही," मी म्हणालो. "जरा घट्ट बसलंय." घट्ट बसलं नव्हतं.

मी झाकण काढलं. वाफ आली. भाताच्या मधोमध तूप होतं, चांगलं दिसेल असं, कुठंही घोटून लपवलेलं नाही. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

"एक चमचा," मी म्हणालो. "पंचेचाळीस कॅलरी."

"चमचा तुमच्या आक्काच्या मापाचा होता की तुमच्या काट्याच्या, त्यावर आहे," मॅडम म्हणाल्या, आणि कागदावर काही न लिहिता निघून गेल्या.

मी भात खाल्ला. थोडा चादरीवर सांडला, तोही उचलून खाल्ला. डबा बोटानं निपटून स्वच्छ केला.

"हा तसाच घेऊन जा," मी सुनेत्राला म्हणालो. "धुऊ नकोस. काचेपाशी उभी राहा आणि दाखव तिला."

मला तिथवर चालता येत नव्हतं, त्यामुळं पुढचं मी बघितलेलं नाही. सुनेत्रानं सांगितलं ते एवढंच, की तिनं काचेपाशी डबा उघडून तिच्याकडे तिरपा धरला, मग पार उलटा करून दाखवला. आक्कानं तो नीट बघून घेतला. मग तिनं डोळे मिटले आणि झोपली.